मागेल त्याला कागद

त्या विद्यापीठाला फाटक नव्हतं. स्वीडनमधल्या त्या गावात बसमधून उतरलो, दोन्ही बॅगा फुटपाथच्या कडेला ठेवल्या आणि फाटक शोधायला लागलो. पुण्याच्या माणसाला विद्यापीठ म्हटलं की फाटक लागतं, फाटकाशी वॉचमन लागतो आणि वॉचमनच्या तोंडी "कुठं जायचंय?" लागतं. पावाच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, विद्यापीठ कुठे आहे? त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हेच की. तुम्ही त्यातच उभे आहात."

सगळ्या गावभर पसरलं होतं ते. कायदा चर्चच्या मागे, गणित नदीपलीकडे, आणि आमचा पाण्याचा विभाग एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत. उन्हाळ्यात विद्यार्थी आपापल्या घरी गेले की गाव ओकंबोकं व्हायचं. दहाचा तास सव्वादहाला सुरू व्हायचा, आणि तो पाव तास नियमातच धरलेला होता. आयुष्यभर पंधरा मिनिटं उशिरा पोहोचणारा मी तिथे एकदम वक्तशीर ठरलो. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची पद्धत होती. मला ते जमेना. पहिले दोन महिने माझ्या मार्गदर्शक बाईंना मी कुठल्याच नावाने हाक मारली नाही. जवळ जाऊन नुसता खाकरायचो.

पीएचडी करणारा तिथे विद्यार्थी नसतो, नोकरीला असतो. पगार, रजा, आजारपणाची रजा, सगळं. वाचनालयात गावातलं कोणीही येऊन बसायचं. भाजीची पिशवी पायाशी ठेवून पेपर वाचणारे म्हातारे मी रोज बघायचो. कोणी कोणाला ओळखपत्र विचारत नसे. ते सरकारी विद्यापीठ होतं, आणि तिथे सरकारी म्हणजे लोकांचं, हे सगळ्यांनी इतकं मनापासून धरलेलं होतं की मला ते बरेच दिवस कळलंच नाही.

कारण सरकारी म्हणजे काय ते मी घरी शिकलो होतो. माझे वडील तहसील कचेरीत हेडक्लार्क होते. जेवताना ते हसत हसत सांगायचे, "आमच्याकडे कागद एकदा आत गेला की तो ब्रह्मदेवाला सापडत नाही. शिक्का मारायचा, बासनात बांधायचा आणि वरच्या फळीवर टाकायचा." हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. त्यात एक प्रकारचा दिलासा असायचा. कागद आत गेला, म्हणजे भानगड संपली. मी तो दिलासा बरोबर घेऊन गेलो. माझी सगळी चूक त्यात आहे.

माझं काम एका तळ्यावर होतं. त्या तळ्याचं पाणी गावाला जायचं. दर मंगळवारी जायचं, हिवाळ्यात बर्फाला यंत्राने भोक पाडायचं, ठरलेल्या खोलीवरचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि आणून तपासायचं. पहिला हिवाळा मी हौसेने गेलो. दुसऱ्या हिवाळ्यात फेब्रुवारीच्या सुमाराला मी जायचा थांबलो. बूट घालून पलंगाच्या कडेला बसायचो आणि उठता यायचं नाही. विभागात सकाळी आणि दुपारी कॉफीला सगळे जमत. एखादा आला नाही की त्याची चौकशी होई. पण मंगळवारी मी तळ्यावर असतो हे सगळ्यांना पाठ होतं, म्हणून माझी चौकशी कोणी केली नाही. असे सहा मंगळवार गेले. सातव्याला मी उठलो, तळ्यावर गेलो, आणि परत आल्यावर मधले सहा आकडे भरून टाकले. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांच्यामध्ये छान उतरती रेघ बसेल असे. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात देखणं प्रकरण त्या रेघेवर उभं होतं.

तिथे प्रबंध सभेत मांडायच्या तीन आठवडे आधी तो भिंतीवरच्या लाकडी फळीला खिळ्याने ठोकतात. अक्षरशः. पुस्तकाला कोपऱ्यात भोक पाडतात, आपल्या हाताने हातोडी घेऊन ठोकायचं, सगळे टाळ्या वाजवतात, मग केक. कारण तो प्रबंध लोकांचा. ज्याला वाचायचाय त्याने येऊन वाचावा आणि सभेत उभं राहून वाटेल तो प्रश्न विचारावा, म्हणून ही आगाऊ सूचना.

त्या दिवशी मी घरी फोन केला आणि म्हणालो, "बाबा, आज प्रबंध ठोकला."

"ठोकलास? वा! म्हणजे झालं तर!"

मराठीत ठोकला म्हणजे झालाच. मी म्हणालो, "नाही, अजून तीन आठवड्यांनी…" पण ते आईला हाक मारायला निघून गेले होते. मी हातोडीसकट काढलेला फोटो पाठवला. त्यांनी तो सायबर कॅफेत जाऊन छापून आणला आणि त्याच संध्याकाळी सोसायटीत पेढे वाटले.

इकडे केक खाताना आमच्या प्रयोगशाळेतला म्हातारा तंत्रज्ञ माझ्याजवळ आला. प्रबंध चाळत होता. म्हणाला, "फेब्रुवारीतले आकडे फार सुंदर आहेत. पण मला एक सांग, तेव्हा तुझं भोक पाडायचं यंत्र तर माझ्याकडे दुरुस्तीला होतं ना? दुसरं कुठून मिळवलंस?" आणि हसला. त्याला खरंच कौतुक वाटत होतं. मी म्हणालो, "मिळवलं." त्याने मान हलवली आणि अजून एक तुकडा घेतला.

चार दिवस मी काढले. पाचव्या दिवशी एक पानी पत्र लिहिलं. सहा मंगळवारी मी तळ्यावर गेलो नाही, आकडे माझ्या मनाचे आहेत, प्रबंध मागे घेतो. मार्गदर्शक बाईंनी ते दोनदा वाचलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आणखी दोन हिवाळे लागतील. मी तुझ्यासाठी भांडेन. पण हे पत्र माझ्या खणात राहणार नाही. नोंदणी कचेरीत दे." कचेरीतल्या माणसाने शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि एक प्रत मला परत दिली. शिक्का बघून मला हायसं वाटलं. गेला बासनात, म्हटलं.

मग घरी फोन केला. मी बोलायच्या आत वडील म्हणाले, "पाटी बघ येऊन. पितळी केलीय. नावाच्या आधी डॉक्टर. लावताना सुताराने दोनदा विचारलं, दवाखाना कुठे काढताय?" ते इतके हसत होते की मी म्हणालो, बघतो. पुढच्या फोनला सांगू म्हटलं. पुढच्या फोनलाही तसंच.

दोन हिवाळे मी थांबलो नाही. बाई भांडायला तयार होत्या, मी नव्हतो. न्यूझीलंडला पाण्याच्या कामाची माणसं हवी होती. एमटेकवर अर्ज केला, आलो, आणि तेव्हापासून ऑकलंडच्या नळांना येणाऱ्या पाण्याची तपासणी हेच माझं काम आहे. नोकरीच्या कुठल्याही कागदावर मी डॉक्टर लिहिलेलं नाही. ऑफिसात मला सगळे नावाने हाक मारतात. इंग्रजीत मी पहिल्या दिवसापासून खरा होतो. खोटा होतो तो मराठीत. लग्नपत्रिकेवर, इथल्या मराठी मंडळाच्या यादीत, सासुरवाडीत. वडील गेले तेव्हा मी पोहोचलो चौथ्या दिवशी. भेटायला येणारे म्हणत होते, "भाग्यवान माणूस, मुलाला डॉक्टर झालेलं बघून गेला." मी खाली मान घालून बसलो. लोकांना ते दुःख वाटलं.

बायकोला मी लग्नानंतर सहा महिन्यांनी सांगितलं होतं. ती नर्स आहे, तिला डॉक्टर या शब्दाचं कौतुक फारसं नाही. तिने विचारलं, "आता कोणाकोणाला सांगणारेस?" मी म्हणालो, कोणालाच नाही. ती म्हणाली, "मग मला तरी कशाला सांगितलंस?" आणि कुकर लावायला गेली. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही.

यंदा मी पन्नाशीचा झालो. मुलगी इथल्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. ऑकलंडमधल्या हिल्सबरोला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसते. वाढदिवसाच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी मी त्या खिडकीशी चहा करत होतो. मुलगी जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत आली आणि लॅपटॉप ओट्यावर ठेवला. ती मराठी समजते आणि इंग्रजीत बोलते, म्हणून इथे ते माझ्या मराठीत.

"बाबा, मला तुझा प्रबंध हवा होता. बाइंड करून तुला द्यायचा होता. सरप्राइज. म्हणून तुझ्या विद्यापीठाला मेल केला."

"बरं."

"त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं. हीप्स नाइस होता तो माणूस. म्हणाला प्रबंध नाही, पण या नावाने एक पत्र आहे, हवंय का?"

मी गॅस बंद केला.

"मी म्हटलं, मी त्याची मुलगी आहे, पुरावा पाठवू का? तर तो म्हणाला, सांगू नका. तुम्ही कोण आणि कशाला हवंय हे विचारायची आम्हाला परवानगीच नाही. मागितलं की द्यायचं, हा कायदा आहे."

वीस-बावीस वर्षं मी ज्या वरच्या फळीवर विसंबून होतो ती फळी तिथे नव्हतीच. जगातल्या कोणीही एक ओळ लिहिली असती तर त्याला दुपारपर्यंत माझं पत्र मिळालं असतं. कोणी लिहिली नाही, एवढंच. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता ना.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"मागच्या मंगळवारी. मी वाट बघत होते. म्हटलं, तू कधीतरी बोलशील. मग आठवलं, तू एकोणीस वर्षं बोलला नाहीस." तिने लॅपटॉप मिटला. "मला एक कळत नाही, बाबा. पत्र चांगलं आहे. तू खोटं केलंस आणि स्वतःहून सांगितलंस. मग तू चांगलं तेवढंच का लपवलंस?"

मी गॅस पुन्हा लावला. चहाचं पाणी गार झालं होतं. जाता जाता ती म्हणाली, "शनिवारी मी येतेय. मी काही बोलणार नाही. नुसती येतेय."

शनिवारी मंडळाचा कार्यक्रम होता. मंडळाचे अध्यक्ष फ्लॅट बुश या उपनगरात राहतात, आयटीत आहेत, आणि फोनवर समोरच्याला बोलू देत नाहीत. महिन्यापूर्वी त्यांनी मला पकडलं होतं. "डॉक्टरसाहेब, आपली मुलं बारावीनंतर युरोपचा विचार करतायत. तुम्ही तुमच्या त्या विद्यापीठाचा एक ओव्हरव्ह्यू द्या. वीस मिनिटं. खोलात जाऊ नका, वडे थंड होतात." मी हो म्हणालो होतो. पोस्टर लागलं होतं, माझ्या नावाआधी 'डॉ.' हे अक्षर ठळक करून.

आता मुलगी तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसणार होती आणि तिच्या मोबाइलमध्ये ते पत्र असणार होतं. मी डॉक्टर म्हणून उभा राहिलो तर ती काही बोलणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढे कधीच काही विचारणारही नव्हती. मी सांगेन त्यावर हो म्हणेल, आणि खरं काय ते दुसरीकडे तपासून घेईल. आकडे तपासण्यात माझा जन्म गेला. तपासून घ्यावा लागणारा बाप काय असतो ते मला कळत होतं.

शुक्रवारी मी बायकोला सांगितलं की मी स्टेजवर खरं बोलणार आहे. ती म्हणाली, "बोल. पण आधी मला आईला फोन करू दे. तिला व्हॉट्सॲपवरून कळलं तर ती आयुष्यभर ऐकवेल."

सासूबाई सांगलीला असतात. फोन स्पीकरवर होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पत्रिकेत आपण खोटं छापलं?"

"हो, आई," बायको म्हणाली.

"आणि मी त्यांना प्रेशरच्या गोळ्या विचारत होते!"

"आई, ते तसले डॉक्टर नव्हतेच. पाण्याचे."

"म्हणून सारखं म्हणतात, पाणी प्या, पाणी प्या. तरीच." आणि मग, "जावईबापू ऐकतायत का? बोलायचं होतं हो. वीस वर्षं म्हणजे फार होतात." पण त्यांनी फोन ठेवला नाही, मुलीच्या परीक्षेचं विचारत राहिल्या.

शाळेच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. पडद्यावर अध्यक्षांनी केलेली पहिली स्लाइड. मी म्हणालो, "या स्लाइडवरचं पहिलं अक्षर चुकलंय." मागून कोणी तरी म्हणालं, "वेलांटी का?" मी म्हणालो, "अक्षर बरोबर आहे. माणूस चुकलाय."

मग मी ओव्हरव्ह्यूच दिला. फाटक नाही, सव्वादहाचा तास, नावाने हाक, कॉफी. सरकारी म्हणजे काय ते सांगितलं, नोंदणी कचेरी कशी चालते ते सांगितलं, आणि म्हणालो की हे नुसतं ऐकून कळत नाही, उदाहरण देतो. खिशातून पत्र काढलं आणि मराठीत वाचलं. मोठ्याने, सगळं. अध्यक्ष दाराशी उभे राहून घड्याळ दाखवत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मी माफी मागितली नाही. ज्यांची मागायची ते वडील उरले नाहीत, आणि ते देणं मी घेऊनच जाणार आहे, त्यात कोणाची मदत नको. पण हॉलमधल्या कोणाचं मी काय बिघडवलं होतं? त्यांनी मला एक अक्षर दिलं होतं, ते परत केलं. मी एवढंच म्हणालो की ज्या दिवशी मी खोटे आकडे फळीवर ठोकले त्या दिवशी आमच्या सोसायटीने पेढे खाल्ले, आणि ज्या दिवशी खरं लिहून दिलं तो दिवस मी लाज वाटून दडवला. इतकी वर्षं चुकीच्या दिवसाची लाज बाळगली. आता नाही बाळगणार. तुम्हाला वाटत असेल बाळगावी, तर तुमची तुम्ही बाळगा.

टाळ्या वाजल्या नाहीत. खुर्च्या वाजल्या. अध्यक्ष पुढे आले आणि हळूच म्हणाले, "अहो, मुलांसमोर कशाला? चुकीचा मेसेज जातो."

"कुठला? लिहिलेलं खोटं परत घेता येतं, हा?"

"तसं नाही, पण… आता तुम्हाला म्हणायचं काय?"

"नाव आहे ना मला."

मुलाकडे चार महिन्यांसाठी आलेल्या एक आजी पुढच्या रांगेत होत्या. स्वेटर, मोजे, वर शाल. त्या उठल्या नाहीत, बसूनच विचारलं, "त्या सहा मंगळवारी तुम्ही करत काय होता हो?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. बाईंनी नाही, बायकोने नाही. मी म्हणालो, "काही नाही, आजी. बूट घालून बसून होतो."

"आजारी होता म्हणा की."

"तेव्हा आमच्याकडे त्याला आळस म्हणत."

"अजून म्हणतात," त्या म्हणाल्या आणि शाल सारखी केली.

दोन आठवड्यांनी अध्यक्षांचा फोन आला. मंडळाच्या अंकात माझा लेख हवा होता. "विद्यापीठाची माहिती फार छान होती. तेवढीच द्या. ते… पर्सनल नको." मी म्हणालो, ते विद्यापीठ मला ज्या पत्रामुळे कळलं ते पत्र काढलं तर माहिती उरते ती त्यांच्या वेबसाइटवर आहे, तिथून उतरवून घ्या. छापायचं तर सगळं छापा. यातला एक परिच्छेद कमी केलात तर लेख परत करा. मी कुठेही छापेन, आणि कोणीही मागितला तर देईन.

मुलीला देवनागरी भराभर वाचता येत नाही, म्हणून हा लेख मी तिला वाचून दाखवला. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि मध्ये मध्ये थांबवत होती. "हीप्स नाइस", हे इथल्या पोरांचं "खूप छान", ती म्हणाली नव्हती, म्हणे, "रिअली नाइस" म्हणाली होती. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "नाही, बाबा, निदान तू तरी 'राहू दे' म्हणू नकोस." मग हसली. राहू दिलं ते तिच्या परवानगीने.

एका ठिकाणी मात्र ती हसली नाही. शनिवारच्या भागात मी एक वाक्य लिहिलं होतं की शेवटी खरं बोलल्याशिवाय मला राहवलं नाही. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग, मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "हे खरं नाही. तू बोललास, कारण पत्र माझ्याकडे होतं."

मी ते वाक्य खोडलं. तिच्याकडे पत्र नसतं तर त्या शनिवारी मी डॉक्टर म्हणूनच उभा राहिलो असतो, वीस मिनिटं छान बोललो असतो आणि गरम वडे खाऊन घरी आलो असतो. आता ते वाक्य नाही, हे आहे. तिने ऐकलं, म्हणाली, "हां. हे बरोबर," आणि पुढे वाच म्हणाली.